ब्रॅकिओप्लास्टीनंतरचे आठ-नऊ महिने : दंडाचा आकार, व्रण आणि खर्च

मधुमेहाचे निदान झाल्यानंतर दोन-अडीच वर्षांत, आहार आणि रंकाळ्याभोवतीच्या रोजच्या चालण्याच्या जोरावर, माझे वजन 96 किलोवरून 67 किलोवर आले. चेहरा आणि पोट यांनी उतरलेल्या वजनाशी बऱ्यापैकी जुळवून घेतले. दंडांनी मात्र घेतले नाही. काखेपासून कोपरापर्यंत सैल त्वचेची झोळी लोंबत राहिली, उन्हाळ्यात तिच्या घडीत पुरळ उठू लागले आणि फळ्यावर लिहिताना ती हाताच्या मागून हलत असे. ब्लाऊजची बाही दंडाच्या मापाने शिवावी तर कोपराकडे ढगळ होई आणि कोपराच्या मापाने शिवावी तर दंडात काचत असे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीला जोडून रजा घेऊन मी कोल्हापुरातच दोन्ही दंडांची ब्रॅकिओप्लास्टी, म्हणजे सैल त्वचा कापून काढण्याची शस्त्रक्रिया, करून घेतली. त्याआधी व्यायामाबरोबरच शस्त्रक्रियेविना होणारे दोन उपचारही केले होते, त्यामुळे सगळ्यांबद्दल लिहिते.

तालमीच्या गावात राहत असल्याने पहिला सल्ला अर्थातच जोर काढण्याचा मिळाला. पुतण्याने उत्साहाने डंबेल आणून दिले, मी ते वापरलेही, आणि दंडाच्या मागच्या स्नायूला खरोखरच बळ आले. परंतु स्नायू त्वचेच्या खाली असतो. तो घट्ट झाला म्हणून वर्षानुवर्षे ताणलेली त्वचा आखडत नाही, आणि एखाद्या अवयवाचा व्यायाम केल्याने नेमकी तेथलीच चरबी जाते असेही होत नाही.

त्यानंतर शहरातील एका स्किन क्लिनिकमध्ये चरबी गोठवण्याचा उपचार, म्हणजे क्रायोलिपोलिसिस, घेतला. यामागील शास्त्र खोटे नाही. त्वचेपेक्षा चरबीच्या पेशी थंडीने लवकर दगावतात. आइस कँडी गालात धरून चोखणाऱ्या लहान मुलांच्या गालांतील चरबीला इजा होते, हे डॉक्टरांनी पूर्वीच नोंदवले होते. हार्वर्डशी संलग्न त्वचारोगतज्ज्ञांनी 2008 मध्ये या तत्त्वावरील प्रयोग प्रसिद्ध केले, 2010 मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेने कमरेच्या बाजूंसाठी आणि 2016 मध्ये दंडांसाठी या यंत्राला मान्यता दिली. यंत्राचा पेला दंडाचे मांस आत ओढून धरतो, सुरुवातीची काही मिनिटे थंडीने कळ येते, मग तो भाग बधिर होतो आणि शेवटी जोराने चोळतात तेव्हा पुन्हा कळ येते. मेलेल्या पेशी शरीर दोन-तीन महिन्यांत हळूहळू काढून टाकते आणि उपचार केलेल्या भागातील चरबीचा थर साधारण 20 ते 25 टक्क्यांनी पातळ होतो. माझ्याही बाबतीत थर थोडा पातळ झाला असावा. पण आतला भराव कमी झाल्याने झोळी अधिकच रिकामी आणि अधिकच लोंबती दिसू लागली. क्लिनिकमध्ये माहिती देणाऱ्या कौन्सेलर बाई डॉक्टर नव्हत्या. हा उपाय त्वचेसाठी नाही हे त्यांनी सांगितले नाही, आणि क्वचित प्रसंगी उपचाराच्या जागी चरबी कमी होण्याऐवजी वाढून कडक गोळा तयार होतो, जो बहुधा शस्त्रक्रियेनेच काढावा लागतो, याचाही उल्लेख केला नाही.

त्याच ठिकाणी नंतर रेडिओफ्रिक्वेन्सीची बैठकांची माळ सुरू झाली. त्वचेखालच्या थराला उष्णता देऊन कोलॅजन, म्हणजे त्वचेला घट्टपणा देणारे प्रथिन, आखडवायचे आणि नवे तयार व्हायला लावायचे, अशी ही पद्धत आहे. प्रत्येक बैठकीनंतर काही दिवस त्वचा घट्ट वाटे, त्यात सुजेचाही भाग असावा. तिशीतील व्यक्तीच्या किंचित सैलपणाला याचा उपयोग होऊ शकतो. माझ्यासारख्या लोंबत्या त्वचेपुढे तो नगण्य आहे. चरबी विरघळवण्याच्या इंजेक्शनांचाही आग्रह झाला. त्यातील डीऑक्सिकोलिक अ‍ॅसिडला एफडीएने 2015 मध्ये दिलेली मान्यता केवळ हनुवटीखालच्या चरबीसाठी आहे हे वाचल्यावर मी ती घेतली नाहीत.

पुढे ज्या प्लास्टिक सर्जनांकडे गेले त्यांनी हात खांद्याच्या रेषेत आडवा धरायला, कोपर काटकोनात वाकवायला सांगितले आणि दंडाखालचे मांस दोन बोटांच्या चिमटीत धरून पाहिले. चिमटीत जाड गादी आली आणि त्वचा सोडताच जागेवर गेली, तर लायपोसक्शन, म्हणजे चरबी ओढून काढणे, पुरते. चिमटीत पातळ, चुरगळलेली त्वचाच आली, तर ती कापून काढण्यावाचून पर्याय नाही. एवढ्या साध्या तपासणीने माझ्या मागील वर्षभराच्या खर्चाचा निकाल लावला. माझ्या धाकट्या जाऊबाईंची गोष्ट वेगळी होती. त्यांचे दंड भरलेले, पण त्वचा तुकतुकीत. त्यांनी पुण्यात लायपोसक्शन करून घेतले. सलाइन, भूल आणि रक्तवाहिन्या आकसवणारे अ‍ॅड्रेनालिन यांचे मिश्रण भरून बारीक छिद्रांतून चरबी ओढून घेतली गेली, आठवडाभरात त्या कामाला लागल्या आणि आज छिद्रांच्या खुणा शोधाव्या लागतात. सैलपणा केवळ काखेजवळ असेल, तर काखेच्या घडीत लपणारा छोटा छेदही पुरतो, असे डॉक्टरांनी सांगितले. माझी त्वचा कोपरापर्यंत सैल असल्याने तो मार्ग बंद होता.

शस्त्रक्रियेपूर्वी वजन सहा महिने तरी स्थिर असावे आणि साखर आटोक्यात असावी, या दोन अटींवर डॉक्टर ठाम होते. तंबाखू चालत नाही, आणि त्यात मिशरीही आली, हे त्यांनी आवर्जून बजावले. निकोटिनने सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसतात आणि टाक्यांची कड काळी पडून जखम उघडू शकते. स्तनाच्या कर्करोगासाठी काखेतील गाठी काढलेल्या असतील, तर हाताला कायमची सूज येण्याचा धोका वाढतो, म्हणून तेही विचारले जाते. डॉक्टर निवडताना मी प्लास्टिक सर्जरीतील एमसीएच किंवा डीएनबी ही पदवी आणि जवळपणा या दोनच गोष्टी पाहिल्या. पहिल्या महिन्यात ड्रेसिंगसाठी वारंवार जावे लागते. ताज्या टाक्यांनिशी पुण्यापर्यंत गाडीत बसणे मला जमले नसते.

शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन झाली. त्याआधी उभे करून दंडावर पेनने रेषा आखल्या आणि कापायच्या भागाच्या दोन्ही कडा चिमटीने जवळ येतात का, हे पुन्हा पुन्हा तपासले, कारण जास्त त्वचा काढली तर जखम मिटत नाही. काखेतील रेषा सरळ न ठेवता नागमोडी वळवली होती. सरळ व्रण आखडला की हात वर जाताना दोरीसारखा ताणतो. वेदना अपेक्षेपेक्षा कमी होत्या. जाच झाला तो परावलंबनाचा. दोन-तीन आठवडे हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, म्हणजे वेणी, नऊवारी-पाचवारी कोणतेही लुगडे, वरच्या फळीवरचा डबा, सगळ्यासाठी दुसऱ्याची वाट पाहायची. पुढून बटणांचे गाऊन दोन-तीन घेऊन ठेवले होते, त्यांचा फार उपयोग झाला. कणीक मळणे आणि पाण्याची कळशी उचलणे सहा आठवडे बंद होते. दाब देणारा घट्ट स्लीव्ह रात्रंदिवस घालावा लागला. धुवायला आणि वाळवायला वेळ लागतो म्हणून दोन जोड हवेतच. थंडीत शस्त्रक्रिया केल्याचे समाधान मला त्या स्लीव्हमुळेच वाटते, एप्रिलच्या उकाड्यात ते घालणे कठीण गेले असते. डाव्या काखेजवळ टाक्यांचा छोटा भाग तिसऱ्या आठवड्यात उकलला. तो पुन्हा न शिवता ड्रेसिंगवरच भरून आला, मात्र तेथील व्रण आज सर्वांत रुंद आहे.

आता व्रणाविषयी, कारण या शस्त्रक्रियेत आपण सैल त्वचा देऊन व्रणच विकत घेतो. दंडाच्या आतील बाजूने काखेपासून कोपराच्या वरपर्यंत दोन्हीकडे एक-एक रेषा आहे. तेथील त्वचा पातळ, त्यात ओढ, आणि आपल्या वर्णाच्या त्वचेत डाग गडद होण्याची प्रवृत्ती. त्यामुळे पहिले चार-पाच महिने व्रण लालसर-तपकिरी, किंचित उंच आणि खाजरा होता. सिलिकॉनची पट्टी दिवसाचे बारा तास आणि बोटांनी नियमित मालीश, याने तो बराच बसला. रंग फिका पडायला वर्ष-दीड वर्ष लागते, असे डॉक्टर आधीपासून सांगत होते. शिवाय उजव्या हाताच्या आतील बाजूस, कोपराखाली बरीच जागा सुरुवातीला पूर्ण बधिर होती. तेथील संवेदनेची नस छेदाच्या अगदी जवळून जाते. संवेदना आता मुंग्यांच्या रूपाने परतते आहे, तरी तळहाताएवढा भाग अजून जडच आहे, आणि तो तसाच राहण्याची शक्यता संमतिपत्रात स्पष्ट लिहिलेली होती.

आकाराबद्दल मात्र तक्रारीला जागा नाही. मंगळवार पेठेतल्या आमच्या शिंप्याने माप घेताना टेप दोनदा गुंडाळला आणि म्हणाला, “बाई, दंडाचं माप लईच उतरलंय की!” बाही आता खांद्यापासून कोपरापर्यंत सरळ बसते, पुरळ पूर्ण थांबले आणि फळ्यावर लिहिताना लक्ष अक्षरावर राहते. कोपरापर्यंतची बाही घालणाऱ्या माझ्यासारखीला व्रण झाकलेलाच राहतो, म्हणून हा व्यवहार मला परवडला. बिनबाह्यांचे कपडे घालता यावेत एवढ्याच हेतूने कोणी हा विचार करत असेल, तर तिने आधी एखाद्या रुग्णाचा वर्षभरानंतरचा व्रण हात वर केलेल्या स्थितीत प्रत्यक्ष पाहावा, केवळ हात खाली असलेले फोटो पाहू नयेत.

खर्च दीड लाखाच्या थोडा वर गेला. सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला आरोग्यसेवेची जीएसटी-सवलत मिळत नाही, त्यामुळे 18 टक्के कर वेगळा लागतो, हे कोटेशन घेतानाच विचारावे. आरोग्यविम्यात अपघात, भाजणे, कर्करोग यांनंतरची पुनर्रचना किंवा वैद्यकीय गरज सोडल्यास प्लास्टिक सर्जरी वगळलेली असते. पुरळाच्या नोंदी जोडूनही माझा दावा नामंजूर झाला.

डाव्या कोपराजवळ रेषेच्या टोकाला त्वचेची एक लहानशी चुणी राहिली आहे. व्रण पिकल्यावर, म्हणजे वर्षभरानंतर, केवळ त्या जागेला भूल देऊन ती काढता येते, असे डॉक्टरांचे म्हणणे आहे. तोवर बधिरपणा किती ओसरतो ते पाहून दिवाळीनंतर काय ते ठरवणार आहे.