कबसाठी फोर-स्ट्रोक घ्यायचंय: ओएस ७२, सायटो ८२ की पेट्रोलवालं १४ सीसी?

रेडिओ-कंट्रोल ट्रेनर (शिकायचं मॉडेल विमान) उडवून हात बसलाय, आता हाय-विंग कब (पायपर कबचं मॉडेल) किंवा तसंच अडीच ते साडेतीन किलोचं स्केल विमान बांधताय आणि त्याला फोर-स्ट्रोकच लावायचंय, तर निवड साधारण तीन इंजिनांत येऊन अडकते. ओएसचं एफएस अल्फा ७२, सायटोचं एफए-८२बी (ही दोन्ही ग्लो, म्हणजे मिथेनॉलच्या इंधनावर चालणारी), नाहीतर सायटोचंच पेट्रोलवर चालणारं एफजी-१४सी. माझं सरळ मत आहे की बघायच्या गोष्टी दोनच, कुठला प्रॉप (पंखा) फिरवायचाय आणि कुठलं इंधन तुम्हाला दर महिन्याला नक्की मिळणार आहे. हॉर्सपॉवरचा आकडा त्यानंतर.

आधी साइज, कारण इथे बरेच जण गोंधळतात. ग्लो इंजिनाच्या नावातला आकडा घनइंचाच्या शंभराव्या भागात असतो: ७२ म्हणजे ०.७२ घनइंच, म्हणजे ११.८ सीसी, ०.८२ म्हणजे १३.४. किटच्या बॉक्सवर टू-स्ट्रोक ४० ते ४६, फोर-स्ट्रोक ५२ ते ७० असं लिहिलेलं असतं आणि वाटतं एवढं मोठं इंजिन कशाला, पण फोर-स्ट्रोक दोन फेऱ्यांत एकदाच पेटतं म्हणून तेवढ्याच सीसीत ताकद कमी, बदल्यात कमी आरपीएमला टॉर्क भरपूर. ४६ टू-स्ट्रोक ११x६ प्रॉप (व्यास x पिच, इंचांत) १२-१३ हजार आरपीएमवर फिरवतं, ७२ फोर-स्ट्रोक १३x६ किंवा १४x६ साधारण ९-१० हजारांवर. कबचं नाक रुंद, वेग कमी, तिथे छोटा प्रॉप अर्धी हवा काउलिंगवरच (इंजिनावरच्या आवरणावर) आपटतो आणि मोठा प्रॉप खरंच ओढतो, शिवाय आवाज खर्जातला, ऐकायला खऱ्या विमानासारखा. फक्त १४ इंची प्रॉप म्हणजे मध्यापासून खाली ७ इंच, लँडिंग गिअर तेवढं उंच आहे का ते इंजिन घ्यायच्या आधी मोजा.

आता ओएस की सायटो. दोन्ही जपानी, दोन्ही जुनी घराणी, ओएसचं एफएस-६० १९७६ चं आणि सायटोचं पहिलं एफए-३० १९७९ चं. सायटोत सिलिंडर आणि हेड एकाच तुकड्यात असतं, त्यामुळे हेड गॅस्केट गळायचा प्रश्नच नाही आणि वजन वाचतं, म्हणून १३.४ सीसी असूनही ८२ हे ७२ पेक्षा हलकंच भरतं. पण व्हॉल्व्ह घासायची वेळ आली तर त्याची सीट सिलिंडरच्या बंद टोकाशी, आत हात पोचवणं कटकटीचं. ओएसचं हेड वेगळं निघतं, बोल्ट सोडले की सगळं समोर, शिकणाऱ्याला हे फार सोपं पडतं. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) दोघांचंही इंजिन पूर्ण थंड असतानाच बघायचं, गॅप मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आत, रनिंग-इन झाल्यावर एकदा नक्की.

आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही, कबचं नाक आखूड असल्यामुळे सीजी (गुरुत्वमध्य) जुळवायला पुढे शिसं भरावंच लागतं, मग निव्वळ हलकं म्हणून जास्त पैसे कशाला मोजायचे? हलकेपणाचा फायदा लांब नाकाच्या किंवा एरोबॅटिक विमानाला, तिथे मी डोळे झाकून ८२ घेईन.

पेट्रोलवाल्याचा मोह मोठा आहे. इंधन स्वस्त, पितं कमी, विमान तेलाने माखत नाही. पण इग्निशन मॉड्यूल (स्पार्क देणारं सर्किट) आलं, त्याची वेगळी बॅटरी आली (कबमध्ये ती पुढे बसवली की शिसं वाचतं, हे खरंच छान), रिसीव्हरपासून ते सगळं लांब ठेवणं आलं. ग्लोची सिलिकॉन ट्यूब पेट्रोलने फुगते, ती चालत नाही. २०ला १ असं तेल मिसळायचं कारण फोर-स्ट्रोक असलं तरी याला वेगळी तेलाची टाकी नसते. शिवाय आपल्या पंपावर आता २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, इथेनॉल ओलावा धरतं, म्हणून उड्डाण संपलं की टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामाच करायचा.

ग्लोचं दुखणं वेगळं. मिथेनॉल विषारी, सुटं घ्यायचं तर परवान्याची बंधनं, म्हणून मिक्स केलेलं इंधन देणारा खात्रीचा दुकानदार हवा, १० ते १५ टक्के नायट्रो (नायट्रोमिथेन) पुरे. दिवस संपला की उरलेलं इंधन जाळून टाका आणि ब्रीदरमधून (क्रँककेसच्या नळीतून) आफ्टर-रन ऑइल, म्हणजे गंज रोखणारं तेल, सोडा, कोकणातल्या दमट हवेत हे केलं नाही तर बेअरिंग गंजलंच समजा.

वायएस वगैरे इंजिनं पॅटर्नवाल्यांसाठी (एरोबॅटिक स्पर्धा खेळणाऱ्यांसाठी), पहिल्याच फोर-स्ट्रोकला नको. जुनं एएसपी ७० कोणी स्वस्तात देत असेल तर कॉम्प्रेशन आणि बेअरिंग हाताने फिरवून बघून घ्या, स्पेअर मात्र शोधावे लागतील.

तर पहिलंच फोर-स्ट्रोक आणि विमान कब असेल तर ओएस ७२ घ्या. जड किंवा चपळ विमानाला सायटो ८२. दर आठवड्याला उडवता, वायरिंगची आवड आहे आणि ग्लो इंधन मिळायची मारामार आहे, तर १४सी. ग्लोवालं घेतलंत तर सोबत एफ टाइपचे (फोर-स्ट्रोकचे) दोन जादा ग्लो प्लग मागवा, आणि प्रॉपला लॉक नट लावल्याशिवाय स्टार्ट करू नका, कारण मिक्स्चर लीन झालं (इंधन कमी, हवा जास्त) की ही इंजिनं उलटा झटका देतात आणि साधा नट प्रॉपसकट सुटून येतो.