ईमेल-व्हॅलिडेटर: अर्जावरचे पत्ते तपासायला कामाचं, पण मराठी आकडा निसटतो

जूनमध्ये लातूरच्या ट्यूशन एरियात प्रवेशाचे अर्ज गठ्ठ्यानं येतात. उदगीर, अहमदपूर, कंधारच्या मुलांनी पेनानं लिहिलेला ईमेल पत्ता ऑपरेटर एक्सेलमध्ये चढवतो, आणि 'कॉम'चं 'कॉन' होतं, @ च्या आधी स्पेस पडते, टिंब दोनदा येतं. असल्या चुका वेचायला पायथन या प्रोग्रामिंग भाषेतलं ईमेल-व्हॅलिडेटर हे मोफत टूल आम्हाला सगळ्यात भरवशाचं वाटतं.

टर्मिनलवर (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) 'पिप इन्स्टॉल' करून ते बसवायचं. मग 'ईमेल_व्हॅलिडेटर' (इंग्रजी अक्षरांत) या आज्ञेपुढे '<' टाकून फाइलचं नाव द्यायचं. फाइलमध्ये ओळीला एकच पत्ता हवा. चुकलेले पत्ते कारणासकट छापले जातात, बरोबर पत्त्यांवर टूल गप्प राहतं. आधी ते पत्त्याची रचना पाहतं (एकूण जास्तीत जास्त 254 अक्षरं), मग त्या डोमेनला (@ च्या पुढच्या भागाला) मेल घेणारा सर्व्हर आहे का हे डीएनएसला, म्हणजे डोमेनांच्या इंटरनेटवरच्या नोंदवहीला, विचारतं. 'जीमेल डॉट कॉन' इथंच पकडलं जातं.

खरी मेख मराठी कीबोर्डची. ऑपरेटर कीबोर्ड बदलायला विसरला की पत्त्यात 12 ऐवजी १२ पडतं. हे टूल देवनागरी पत्ते वैध मानतं (ते आहेतही), त्यामुळे असा पत्ता बिनबोभाट पुढे जातो आणि मेल मात्र पोचत नाही. उपाय आहे: उबंटूवर (ही लिनक्स प्रणाली) आज्ञेच्या आधी 'अलाऊ_एसएमटीपीयूटीएफ८' हे नाव इंग्रजी कॅपिटल अक्षरांत (आकडाही इंग्रजीच) लिहून बरोबरचं चिन्ह द्या आणि त्यापुढे काहीही न लिहिता स्पेस सोडा, म्हणजे @ च्या आधी देवनागरी असलेले पत्ते नापास होतात. तिथं शून्य किंवा 'फॉल्स' लिहिलंत तर उलटंच होतं, कारण काहीही लिहिलं की टूल त्याला 'चालू' समजतं. हे डोक्यात बसायला वेळ लागतो. आता जे पत्ते बाहेर पडतील ते मूळ अर्जाशी ताडून बघा.

दुसरा धोका इंटरनेटचा. मधेच नेट गेलं आणि डीएनएसचं उत्तर आलं नाही, तर टूल पत्ता चुकीचा ठरवत नाही, सोडून देतं. म्हणजे नेट बंद असताना सगळी यादी स्वच्छ दिसते! म्हणून यादीच्या सुरुवातीला आणि शेवटी अस्तित्वात नसलेल्या दोन वेगवेगळ्या डोमेनचे ('जीमेल डॉट कॉन'सारखे) पत्ते मुद्दाम घाला. त्या दोन्हींपैकी एक जरी छापला गेला नाही तर तपासणी पुन्हा करा.

एक्सेलमधून 'सीएसव्ही यूटीएफ-८' काढली तर उबंटूवर पहिलाच पत्ता नाहक नापास होतो. फाइलच्या सुरुवातीला न दिसणारं चिन्ह असतं. पहिली ओळ रिकामी सोडली की काम भागतं, त्या रिकाम्या ओळीची तक्रार तेवढी दुर्लक्ष करा.

त्या नावाची मेलपेटी खरंच आहे का, हे मात्र टूल सांगत नाही, आणि तसा दावाही करत नाही. 25 नंबरच्या पोर्टवरून सर्व्हरलाच विचारणारी टूल्स आहेत, पण घरगुती ब्रॉडबँडवर तो पोर्ट बऱ्याचदा बंद असतो, आणि काही सर्व्हर कुठल्याही नावाला 'हो' म्हणतात. 'जीमेल'मधलं एखादं अक्षर इकडचं तिकडं झालं आणि ते डोमेन दुसऱ्या कुणी नोंदवून ठेवलं असेल, तर तेही पास होतं. त्यामुळे प्रवेश पक्का करण्याआधी मुलाच्या पत्त्यावर ओटीपी पाठवून तो काउंटरवरच वाचून घ्या.