जुन्या कूलरला वायफाय थर्मोस्टॅट : मार्च ते ऑगस्टच्या वापरानंतर

पत्र्याच्या कूलरला थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान-आर्द्रता पाहून कूलर चालू-बंद करणारं उपकरण, बसवायचा तर दोन रिलेवालाच (आपोआप चालू-बंद होणारे दोन स्विच असलेलाच) घ्या. पंखा तापमानावर चालवा, पाण्याची मोटर आर्द्रतेवर. दोन्ही एकाच रिलेवर जोडले की निम्मा फायदा तिथंच गेला.

मे महिन्यात बाहेर ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या गवतातून येणारी हवा २९-३० अंशांपर्यंत उतरते. जुलैत ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेत तोच कूलर जेमतेम साडेतीन अंश कमी करतो, वरून खोली चिकट होते. तेव्हा मोटर बंद आणि नुसता पंखा हवा. रात्री उठून हे कोण करणार? आर्द्रतेचा रिले ते न चुकता करतो.

यवतमाळ-चंद्रपूरकडच्या उन्हाळ्यात जमलेलं सेटिंग असं : पंखा ३२ ला चालू, २९ ला बंद, मोटर ६० टक्क्यांखाली चालू, ७० च्या वर बंद. फरक एखाद्या अंशाचा ठेवला तर रिले सारखा खटखट करतो आणि लवकर जातो. नवतपात (मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत) टिनाच्या खोलीत दुपारी पंखा बंद होतच नाही, त्यात बिघाड काही नाही. खरी बचत पहाटेची. टाकीत सकाळपर्यंत पाणी उरतं, आणि टँकरवर दिवस काढणाऱ्या गावात ही बचत विजेच्या बिलापेक्षा मोठी आहे.

सेन्सर कूलरच्या झोतात लावू नका. तिथं २८ दिसतात आणि खाटेजवळ ३३ असतात. तापलेल्या भिंतीवरही नको. आतल्या भिंतीला, जमिनीपासून साधारण दीड मीटरवर, झोतापासून बाजूला ठेवा. आर्द्रतेचा आकडा तपासायला बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ते ओलं होईल इतकंच पाणी घाला आणि सेन्सरसोबत घट्ट डब्यात रात्रभर ठेवा. ७५ च्या आसपास यायला हवं. जो फरक दिसेल तो कॅलिब्रेशनमध्ये (आकडा दुरुस्त करायच्या सेटिंगमध्ये) भरा.

सगळ्यात जास्त त्रास पंख्याच्या मोटरचा. रिलेवर १० अँपिअर लिहिलेले असतात, पण ते हीटरसारख्या लोडसाठी. मोटर सुरू होताना करंट उसळतो आणि बंद होताना ठिणगी पडते, त्यानं रिलेचे पॉइंट चिकटतात आणि पंखा बंदच होत नाही. मोठ्या पंख्याला मध्ये काँटॅक्टर (मोटरचा लोड पेलणारा मोठा रिले) टाका. दुसरं, व्होल्टेज १७०-१८० वर आलं आणि कंडेन्सर कमजोर असला की मोटर नुसती गुणगुणते. हातानं बटण दाबणारा ते ऐकून लगेच बंद करतो. थर्मोस्टॅटला ऐकू येत नाही, आणि वाइंडिंग जळतं. म्हणून आधी कंडेन्सर नवा टाका आणि रेग्युलेटर फुलवर ठेवा, कारण कमी स्पीडवर मोटर आपोआप उचलत नाही. थर्मोस्टॅट बिघडला तर कूलर थेट चालावा म्हणून बायपासचं बटणही ठेवा.

पाण्याची मोटर वारंवार चालू-बंद झाली की गवत मधे मधे वाळतं आणि बोअरच्या पाण्याचे क्षार त्यावर पांढरे बसतात. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करा, नुसती वरून भरत राहू नका.

वायफायचं काय? शेतातून निघताना कूलरच्या पाण्याची मोटर आधी लावून गवत भिजवून ठेवता येतं, हे चांगलं. पण घेताना एक नक्की विचारा : नेट गेल्यावर सेट केलेले आकडे उपकरण स्वतः पाळतं का? काही उपकरणं सगळं नेटवरून ठरवतात. गावातल्या नेटवर ती घेऊ नयेत. राउटर २.४ गिगाहर्ट्झवर असावा. लाईट परत आल्यावरची स्थिती ‘आधीसारखी’ अशी निवडा.

आणि हे टाळूच नका : कूलरच्या बॉडीला अर्थिंग, लाईनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच), थर्मोस्टॅटचा डबा कूलरवर नको, भिंतीवर. टाकीत पाणी भरताना प्लग काढूनच. आता कूलर आपोआप सुरू होतो, त्यामुळे बंद दिसतोय म्हणून हात लावणं पूर्वीपेक्षा जास्त धोक्याचं झालं आहे. घरातल्या लेकरांनाही हे समजावून सांगा.