रोड बाइक की ग्रॅव्हल बाइक : मराठवाड्यातील गावरस्त्यांच्या कडेवरून केलेला विचार

सायकल चालवण्याची सवय जडली आहे, महामार्गावरील ट्रकांचा कंटाळा आला आहे आणि आता गावांना जोडणाऱ्या शांत रस्त्यांसाठी एक चांगली सायकल घ्यायची आहे, अशा टप्प्यावर आलेल्या वाचकापुढे सहसा दोनच पर्याय उरतात : गुळगुळीत डांबरासाठी केलेली, २५ किंवा २८ मिलिमीटर टायरची रोड बाइक, नाहीतर खडी-मातीवरही चालणारी, ३८-४० मिलिमीटर टायरची ग्रॅव्हल बाइक. मी लातूरला राहतो. पहिला प्रकार मी चार वर्षे चालवला आणि दुसरा गेली तीन वर्षे चालवतो आहे. वजन, गिअर आणि फ्रेमच्या धातूंचे तक्ते कोठेही मिळतात, म्हणून त्यांत शिरत नाही.

रोड बाइकची बाजू आधी मांडतो, कारण तिच्यावर माझा राग नाही. पहाटे साडेपाचला रत्नागिरी-नागपूर महामार्गाने औशाकडे निघावे, वारा पाठीशी असावा आणि वीसेक किलोमीटरचे ते अंतर कधी सरले हे कळूही नये, हा अनुभव ग्रॅव्हल बाइकवर मला तरी तसा मिळालेला नाही. त्याच रस्त्यावर, तेवढ्याच दमात, रुंद टायरची सायकल ताशी दीड-दोन किलोमीटरने मागे पडते असा माझा अंदाज आहे. ज्यांना २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, साडेतेरा तासांच्या मुदतीत पूर्ण करायची आहे, आणि तीही बहुतांशी मोठ्या रस्त्याने, त्यांना हा फरक दुपारनंतर पायांत जाणवतो. त्यांनी पुढचे वाचले नाही तरी चालेल.

परंतु महामार्ग सोडून औसा-निलंग्याच्या किंवा रेणापूरच्या बाजूला आत वळले की प्रश्न बदलतो. आपल्याकडील बहुतेक ग्रामीण मार्गांची डांबरी पट्टी एकपदरी असते, म्हणजे ३.७५ मीटर, आणि वर्दळ कमी असेल तेथे ३ मीटरच. चढउतार सौम्य, दोन्ही बाजूंना तूर, ज्वारी किंवा सोयाबीन, अधूनमधून कडुलिंबाची सावली आणि मधूनच एखादेच वाहन, असे हे रस्ते सायकलसाठी जणू मुद्दाम केलेले वाटतात. अडचण त्या एखाद्याच वाहनाची आहे. ते समोरून आले की दोघांपैकी एकाला डांबर सोडून साइडपट्टीवर उतरावे लागते, आणि तो एक कोण हे येथे कधीही वादाचे नसते.

उतरणे सोपे असते, परत चढणे अवघड. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. वर्षानुवर्षे हे चालू राहिल्यामुळे डांबराच्या कडेखालचा आधार सुटतो आणि कड तुटत जाते. साइडपट्टीवर टाकलेला मुरूम दोन पावसाळ्यांत वाहून जातो. परिणामी डांबर आणि साइडपट्टी यांच्यात तीन-चार बोटांची सरळ पायरी तयार होते, ती किलोमीटरभर चालते आणि गवत वाढले की दिसतही नाही. अरुंद टायर या पायरीला निमुळत्या कोनातून भिडला तर वर चढत नाही, तिला घासत पुढे सरकत राहतो. हँडल उजवीकडे वळवले तरी सायकल वळत नाही, शरीर मात्र आधीच उजवीकडे झुकलेले असते.

माझ्या बाबतीत हे एका डिसेंबरात घडले. गाळप हंगाम ऐन भरात होता. समोरून दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर आला, मी शहाण्यासारखा खाली उतरलो, तो गेल्यावर वेग न तोडता परत वर येऊ लागलो आणि क्षणात डांबरावर उजव्या कोपरावर पडलो. मागून येणाऱ्या मोटारसायकलस्वाराने ब्रेक लावला म्हणून हा आढावा लिहिता येतो आहे. दुखापत फारशी नव्हती, पण त्यानंतर माझी सवय बदलली : वाहन दिसले की उतरायचे, थांबायचे, पाय टेकवायचा, सायकल उचलून डांबरावर ठेवायची आणि मगच पुन्हा निघायचे. एका रविवारी चाळीस किलोमीटरच्या फेरीत मी हे किती वेळा करतो ते मोजले, तर अठरा वेळा भरले. शांत रस्त्यावर लय लागावी म्हणून आपण बाहेर पडतो, आणि लय लागली की ती मोडण्यासाठी एक ट्रॉली हजर होते. पंक्चर, धूळ, कुत्री हे सारे मी सहन केले, पण ही अठरा वेळांची उचलठेव मला सहन झाली नाही. निवड खरे तर तिनेच केली.

ग्रॅव्हल बाइकवर ती पायरी नाहीशी होत नाही, पण तिची भीती जाते. टायर रुंद, हवा निम्मी (पंपावरच्या दाबाच्या मापात, म्हणजे पीएसआयमध्ये, मी पूर्वी ९० भरत असे, आता ४५ पुरते) आणि कडांवर थोडे दात. त्यामुळे दोन-तीन बोटांची कड जरा कोन साधून, बसल्या बसल्या चढता येते. चार बोटांच्या वर असेल तर मीही उतरतो. परंतु साइडपट्टीवर शंभर-दोनशे मीटर तशीच सायकल चालवत राहून जेथे कड बुजलेली असेल तेथे सावकाश वर यावे, ही मुभा मिळते, आणि ही मुभा मला ताशी दोन किलोमीटरपेक्षा मोलाची वाटते. ऑक्टोबरात ती विशेष उपयोगी पडते, कारण तेव्हा अर्ध्या डांबरावर सोयाबीन वाळत घातलेले असते आणि भोवती राखणीला धोंडे मांडलेले असतात. शेतमाल उचलला जातो, धोंडे मात्र दिवाळीपर्यंत तेथेच राहतात.

काट्यांचेही थोडे सांगितले पाहिजे. साइडपट्टीवर सराटा पसरलेला असतो आणि वेड्या बाभळीच्या फांद्या तोडून बांधावर टाकलेल्या असतात, तेव्हा खाली उतरणाऱ्या प्रत्येक टायरला काटा लागणारच. माझ्या ग्रॅव्हल बाइकला ट्यूबलेस टायर आहेत. आतले सीलंट, म्हणजे टायरात ओतलेला चिकट द्रव, सराट्याचे छिद्र आपोआप बुजवते आणि घरी आल्यावर टायरात तीन-तीन काटे मोडलेले सापडतात. याची किंमत अशी की एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा सीलंट भराभर वाळते. दर दोन महिन्यांनी ते घालावे लागते, आणि एकदा मी विसरलो तेव्हा भर उन्हात आठ किलोमीटर चालत आलो. त्या बाबतीत जुनी ट्यूबच बरी. ती लावता येते, बदलता येते आणि वागण्यात सरळ असते. कोणतीही सायकल घ्या, वॉल्व्ह बारीक असेल तर पितळी नोझल खिशात असू द्या, कारण गावच्या पंक्चरवाल्याची हवा त्याशिवाय भरता येत नाही.

पावसाळ्यात रोटाव्हेटर मारून शेतातून निघालेले ट्रॅक्टर काळ्या चिखलाचे गोळे डांबरावर सांडत जातात. रोड बाइकच्या रिम ब्रेकच्या (चाकाची कड दाबून धरणाऱ्या ब्रेकच्या) कमानीत आणि टायरमध्ये जी बोटभरसुद्धा नसलेली फट असते ती त्या चिखलाने पाहता पाहता भरते आणि चाक जाम होते. डिस्क ब्रेकच्या सायकलला जागा अधिक असल्याने ती जास्त वेळ तग धरते, इतकेच. पाणंदीत शिरलात तर दोन्ही सायकली खांद्यावर येतात, आणि तेव्हा हलकी रोड बाइक अधिक प्रिय वाटते हे कबूल करतो.

दुरुस्तीची सोय दोन्हींची सारखीच बेताची आहे, तरी तेलाच्या दाबावर चालणाऱ्या हायड्रॉलिक ब्रेकचे काम गावात कोणी हाती घेत नाही, म्हणून मी तारेवरचा डिस्क ब्रेक निवडला. थांबण्याची ताकद थोडी कमी असेल, पण तार कोठेही मिळते. स्टँड मात्र दोन्हींना नाही, आणि चहाच्या टपरीवर दोन्हींबद्दल एकच प्रश्न येतो, ‘सर, एवढ्या महागाची सायकल अन् ष्टँड कसं काय नाही हो?’ त्याचे समाधानकारक उत्तर मला अद्याप सापडलेले नाही.

आपले रस्ते माझ्यापेक्षा चांगले असू शकतात, आपला तोलही. म्हणून पैसे देण्यापूर्वी एवढेच करून पाहावे : दोन्ही प्रकारच्या सायकली ओळखीतून एकेक सकाळ मागून घ्याव्यात, वाहने नसताना गावरस्त्याच्या साइडपट्टीवर उतरावे आणि चालण्याच्या वेगाने परत डांबरावर चढून पाहावे. जी सायकल पाचव्या प्रयत्नातही मनात धाकधूक निर्माण करील, ती कितीही सुंदर असली तरी महामार्गासाठी ठेवावी.

माझी रोड बाइक मी विकलेली नाही. तिच्या फ्रेममध्ये २८ पेक्षा रुंद टायर बसत नाही, म्हणून ती भिंतीवर असते. मे महिन्यात गाळप संपलेले असते, साइडपट्ट्या वाळून घट्ट झालेल्या असतात आणि रस्त्यावर ट्रॉली नसते, तेव्हा मी तिला खाली काढतो. मृगाचा पहिला पाऊस झाला की पुसून परत टांगतो.