गावातल्या घरी ५.२ एव्ही रिसीव्हर: तिन्ही ऋतूंच्या वापरानंतर

एव्ही रिसीव्हर म्हणजे टीव्हीचा आवाज घेऊन सगळे स्पीकर चालवणारा अ‍ॅम्प्लिफायर. सेट असा आहे: चॅनेलमागे ८० वॅट लिहिलेला ५.२ रिसीव्हर (पाच स्पीकर आणि दोन सबवूफरची सोय असलेला), समोर दोन बुकशेल्फ स्पीकर, मध्ये सेंटर, मागे दोन छोटे सराउंड आणि १० इंची पॉवर्ड सबवूफर. हॉल १२ बाय १६ फूट, भिंती प्लास्टरच्या, खाली फरशी, वर टिन. मॉडेलचं नाव देत नाही, कारण खाली लिहिलेलं या किमतीतल्या जवळपास सगळ्याच रिसीव्हरना लागू पडतं. आवाजाला नाव ठेवायला जागा नाही. सगळी दमछाक होते ती लाईन, ऊन आणि धूळ यांच्यापायी, म्हणून आधी त्याचंच लिहितो.

गावठाण फीडर वेगळा असला तरी रब्बीच्या ओलिताचे दिवस आले की संध्याकाळी व्होल्टेज १७०-१८० वर उतरतं आणि मध्यरात्री भार कमी झाला की २५० च्या वर चढतं. या रिसीव्हरमध्ये अ‍ॅम्प्लिफायरला वीज पुरवणारा साधा जड ट्रान्सफॉर्मर असतो. बाहेर २३० चे १७० झाले की आतला डीसी पुरवठाही त्याच प्रमाणात खाली येतो, आणि पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबाने घटते. म्हणजे ८० वॅटचे जेमतेम ४४ उरले. हळू आवाजात हे कळतही नाही. मारधाडीच्या प्रसंगात मात्र आवाज फाटतो, आणि त्या फाटक्या आवाजात आधी ट्वीटर, म्हणजे बारीक सुरांचा छोटा स्पीकर, जातो. व्होल्टेज डिम असेल त्या दिवशी आवाज नेहमीपेक्षा थोडा खालीच ठेवा.

रिसीव्हर, सबवूफर आणि टीव्ही मिळून १ केव्हीएचा स्टॅबिलायझर पुरतो. टीव्हीचा म्हणून विकतात तो छोटा स्टॅबिलायझर एवढ्या भाराला काठावर येतो. घेताना रंगरूप सोडून इनपुट रेंज वाचा: खाली १४०, वर २८० च्या आसपास हवी. रिले बदलताना सबवूफरमधून कधीमधी 'टक' ऐकू येतं, त्याने काही बिघडत नाही.

स्टॅबिलायझर लावला म्हणजे झालं असं समजू नका. खरा घात न्यूट्रल करतो. डीपीवरचा न्यूट्रल ढिला झाला किंवा वाऱ्यात तुटला, तर सिंगल फेजच्या घरात ३००-३५० व्होल्ट सहज येतात आणि स्टॅबिलायझर स्वतःच जळतो. सर्ज प्रोटेक्टरवाला एक्स्टेन्शन बोर्डही इथे कामाचा नाही. त्यातला एमओव्ही नावाचा पार्ट क्षणभराचा झटका गिळण्यासाठी असतो, ३५० व्होल्ट चार-पाच मिनिटं राहिले तर तो आधी तापतो, मग फुटतो. यावर उपाय एकच: मेन बोर्डात एमसीबीच्या शेजारी बसणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज रिले. खालची मर्यादा १५०, वरची २७०, आणि लाईन परत आल्यावर ६० सेकंद थांबून जोडणी. हे थांबणं महत्त्वाचं, कारण आपल्याकडे लाईन येताना दोन-तीनदा ये-जा करूनच येते. झिरो वायरमनकडून बसवून घेत असाल तर आकडे समोर उभं राहून टाकून घ्या, नाहीतर कंपनीच्या सेटिंगवरच सोडून तो पुढच्या घरी जातो.

इन्व्हर्टरवर चालवायचा असेल तर साइन वेव्हचाच हवा. स्क्वेअर वेव्हवर ट्रान्सफॉर्मर घुमतो आणि तापतो. शिवाय मीटरवर २२०-२३० दिसत असले तरी स्क्वेअर वेव्हचा शिखर व्होल्टेज तेवढाच असतो, साइन वेव्हचा ३२५ पर्यंत जातो. आतले कपॅसिटर शिखरावर भरतात, त्यामुळे रिसीव्हरला उपाशी ठेवूनच पळवल्यासारखं होतं. बॅटरी एकच असेल तर सबवूफर बंद ठेवून टीव्ही आणि रिसीव्हर एवढंच चालवा.

विजेचा कडकडाट हा वेगळा विषय. मृगाच्या आधीच्या वादळात आणि परतीच्या पावसात पडणारी वीज घरात शिरते ती बहुधा छतावरच्या डिशच्या केबलवाटे. डिशमधून सेट-टॉप बॉक्समध्ये, तिथून एचडीएमआयच्या वायरने रिसीव्हरमध्ये. रिसीव्हरचा सगळ्यात नाजूक भाग त्याचा एचडीएमआय बोर्ड, आणि तो गेला की सहसा एखादा पार्ट बदलून भागत नाही, अख्खा बोर्डच बदलावा लागतो. ढग गरजायला लागले की प्लग काढणं सगळ्यांना माहीत असतं, पण बॉक्सच्या मागची डिशची केबल फिरवून मोकळी करणं बहुतेक जण विसरतात. प्लग काढला आणि केबल लावलेलीच राहिली तर काम अर्धंच झालं. एचडीएमआयची वायर लावताना-काढतानाही दोन्हीकडची वीज बंद ठेवा.

स्पीकरमधून येणाऱ्या घुमण्याचं मूळही बरेचदा याच केबलमध्ये असतं. बरेच रिसीव्हर दोन पिनांचा प्लग घेऊन येतात, त्यांना अर्थिंग लागत नाही. पण डिशची सळी भिंतीतून किंवा टिनातून जमिनीला लागलेली असते, आणि घरात तीन पिनांचं दुसरं काही जोडलेलं असतं. दोन ठिकाणच्या अर्थमध्ये फरक पडला की ५० हर्ट्झची घरघर सुरू होते. तपासणी सोपी आहे: रिसीव्हर चालू ठेवून डिशची केबल काढा. घरघर थांबली तर दोष तिथला. न थांबल्यास सबवूफरची आरसीए वायर काढून पाहा. पीसीसाठी मिळणारे ग्राउंड आयसोलेटर डिशच्या केबलवर लावू नका. डिशवरच्या एलएनबीला त्याच केबलमधून १३ किंवा १८ व्होल्ट डीसी जातो, साधा आयसोलेटर तो अडवतो आणि चॅनेलच गायब होतात. बरा मार्ग म्हणजे सेट-टॉप बॉक्स थेट टीव्हीला जोडायचा आणि टीव्हीतून रिसीव्हरला ऑप्टिकल केबल टाकायची. प्रकाशाच्या वायरमधून घरघर येत नाही. डॉल्बी डिजिटल ५.१ तिच्यातून व्यवस्थित येतो, डॉल्बी डिजिटल प्लस येत नाही.

अर्थिंगच्या खड्ड्याचं काळ्या मातीत वेगळंच असतं. पावसाळ्यात उत्तम, आणि एप्रिल-मेमध्ये जमिनीला भेगा पडल्या की पाइपाच्या भोवती पोकळी तयार होते. मल्टिमीटर न्यूट्रल आणि अर्थमध्ये लावून पाहा. २-३ व्होल्टच्या आत असेल तर ठीक, १० च्या वर गेला तर खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतून परत मोजा. तेवढ्याने उतरला तर खड्डा कोरडा पडला होता, नाही उतरला तर न्यूट्रलचं जोड तपासायला लावा. काही महाभाग घरघर घालवायला सबवूफरच्या प्लगची अर्थ पिनच कापून टाकतात. तसं करू नका, धातूच्या अंगावर गळती आली तर ती हातालाच लागेल.

आता ऊन. बऱ्याच रिसीव्हरच्या पुस्तिकेत ५ ते ३५ अंश तापमानात चालवा असं लिहिलेलं असतं. मे महिन्यात चंद्रपूर, अकोला, वर्धा या भागात बाहेर ४५ च्या पुढे पारा जातो आणि टिनाखालच्या हॉलमध्ये दुपारी ४० अंश असतात. म्हणजे सुरू करायच्या आधीच मर्यादा ओलांडलेली. तापला की रिसीव्हर प्रोटेक्शनमध्ये जाऊन बंद पडतो, समोरचा दिवा लुकलुकतो. तो बिघाड नव्हे, अर्धा तास बंद ठेवला की पुन्हा चालू होतो. टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात रिसीव्हर ठेवूच नका. वर किमान ६ इंच आणि मागे-बाजूला ४ इंच जागा मोकळी हवी. वरच्या जाळीवर ५ व्होल्टचा १२० मिमी पंखा हवा वर फेकेल असा ठेवा. उलटा ठेवला तर गरम हवा परत आत ढकलतो. जुन्या मोबाइल चार्जरवर तो चालतो, रिसीव्हरच्याच बोर्डावर चार्जर लावला की वेगळी आठवण ठेवावी लागत नाही. स्पीकर ८ ओमचे आणि आवाज मध्यम असेल तर उन्हाळ्यात इको मोड चालू ठेवा, उष्णता हाताला जाणवण्याइतकी कमी होते.

उन्हावर उपाय म्हणून कूलर लावला की दुसरी कटकट सुरू होते. कूलरचा घोंघाट एवढा असतो की कुजबुजीचे संवाद बुडतात, म्हणून आवाज वाढवायचा आणि मग गाणं आलं की कान किटतात. आवाज वाढवण्याऐवजी सेंटरची पातळी ३ डेसिबलने चढवा आणि डायनॅमिक रेंज कम्प्रेशन चालू करा, काही ठिकाणी त्याला नाइट मोड म्हणतात. जाळीतून येणारी ओली हवा थेट रिसीव्हरवर येऊ देऊ नका. खारपाणपट्ट्यात तर अजिबात नाही. कूलरच्या गवतावर जे पांढरं मीठ साचतं, तेच बारीक तुषारांतून स्पीकरच्या टर्मिनलवर आणि आतल्या बोर्डावर बसतं. तांब्याच्या तारेची टोकं हिरवी-काळी पडली असतील तर अर्धा इंच कापून नवी टोकं काढा आणि बनाना प्लग घट्ट आवळा. उघड्या तारेपेक्षा प्लग बरा, कारण तारेचा एक केस शेजारच्या टर्मिनलला लागला तरी रिसीव्हर प्रोटेक्शनमध्ये जातो.

पाल आणि मुंग्या यांना रिसीव्हरची ऊब आवडते. पाल मेनच्या बाजूला शिरली की तीही जाते आणि फ्यूजही जातो. जाळीवर थेट मच्छरदाणीचं कापड ताणलं तर हवा कोंडते, म्हणून स्टँडच्या मागच्या बाजूला चार बोटं अंतर ठेवून नायलॉनची जाळी लावा. स्पीकरच्या तारा उंदरांपासून वाचवायला पीव्हीसी केसिंगमधून न्या. १५ फुटांपर्यंत १.५ चौरस मिमी तांब्याची तार भरपूर झाली, मागच्या स्पीकरपर्यंत लांब जायचं असेल तर २.५ घ्या. महागड्या नावाच्या तारेत पैसे घालू नका.

मांडणी आणि मोजणी. रिसीव्हरसोबत येणाऱ्या माइकने तो खोलीतला आवाज मोजून स्पीकरच्या पातळ्या आणि अंतरं स्वतः ठरवतो. हा माइक, आपण बसल्यावर कान जिथे येतात त्या उंचीवर, भिंतीपासून दोन फूट तरी दूर, ट्रायपॉडवर ठेवा. हातात धरून मोजणी करू नका. कूलर, पंखा, पाण्याची मोटर सगळं बंद. या मोजणीला डेनॉनमध्ये ऑडिसी, यामाहामध्ये वायपीएओ अशी नावं असली तरी काम सारखंच. मोजणी झाल्यावर यंत्राने बुकशेल्फ स्पीकरला 'लार्ज' म्हटलं असेल तर 'स्मॉल' करा आणि क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचे सूर सबवूफरकडे जातात तो आकडा, ८० हर्ट्झ ठेवा. सबवूफरचं अंतर खऱ्यापेक्षा जास्त दाखवलं तर तसंच राहू द्या, त्यात सबच्या आतल्या फिल्टरचा उशीर धरलेला असतो. सबची पातळी उणे १२ च्या टोकाला गेली असेल तर सबच्या मागची गेनची चावी कमी करून पुन्हा मोजा.

ही मोजणी वर्षात दोनदा करावी लागते, आणि त्याला कारण कापूस. दिवाळीनंतर भाव यायची वाट पाहत हॉलच्या भिंतीला छातीएवढा ढीग लागला की खोलीतला घुमारा नाहीसा होतो, संवाद इतके स्वच्छ येतात की नवा रिसीव्हर आणल्यासारखं वाटतं. त्या दिवसांत मोजणी केली तर यंत्र वरचे सूर थोडे चढवून ठेवतं. कापूस विकला, भिंत उघडी पडली की तेच सूर कानाला टोचतात. मोजणीच्या आधी पातळ्या आणि अंतरांच्या पानाचे फोटो काढून ठेवा. कापसापासून रिसीव्हर मात्र दूर ठेवा, तंतू जाळीत शिरून हवा बंद करतात. कापूस नसताना समोरच्या भिंतीवर जाड गोधडी आणि खाली सतरंजी एवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

टिनाचा खडखडाट सबवूफरचा दोष समजू नका. मोबाइलवर टोनचं अ‍ॅप लावून २० ते ८० हर्ट्झ हळूहळू सरकवा, ३० ते ५० च्या मध्ये कुठेतरी एक पत्रा बोलायला लागतो. त्या जागचे हूक-नट आवळून खाली रबरी वॉशर टाका.

८० वॅट पुरतात का हे खूप जण विचारतात. ८८ डेसिबलचा (१ वॅटला १ मीटरवर एवढा आवाज देणारा) स्पीकर १० वॅटवर १ मीटरला ९८ डेसिबल देतो, ३ मीटरवर बसलात तरी ८८ च्या वर. एवढ्या हॉलला तेवढं पुष्कळ. मात्र तालुक्याच्या बाजारातले ४ ओमचे बॉक्स दोन-दोन जोडून लावले तर २ ओम होतात, आणि रिसीव्हर प्रोटेक्शनमध्ये गेला तर नशीब समजा. 'दहा हजार वॅट पीएमपीओ' असे आकडे वाचायचेच नाहीत.

डीडी फ्री डिशवरचे कार्यक्रम स्टिरिओ असतात, त्यावर डॉल्बी सराउंडचा अपमिक्सर, म्हणजे दोन चॅनेलचा आवाज पाचांत वाटणारा मोड, चांगला चालतो. झाडीपट्टीच्या नाटकांच्या रेकॉर्डिंगला तो लावू नका. मंडपातल्या एकाच माइकचा आवाज सगळा सेंटरमध्ये गोळा होतो, त्यापेक्षा साधा स्टिरिओ मोड बरा. खरा ५.१ ओटीटीवरून येतो. टीव्हीत डिजिटल ऑडिओ 'पासथ्रू' किंवा 'ऑटो' आणि रिसीव्हरमध्ये एआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआयच्या वायरने उलट रिसीव्हरकडे आणणारी सोय) चालू नसेल तर पाच स्पीकर असूनही दोनच बोलतात.

फर्मवेअरचं अपडेट यूएसबीवरून करा, पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला, आणि लाईन स्थिर असेल अशा सकाळी. मध्ये लाईन गेली तर यंत्र उठतच नाही. खोका आणि थर्माकोल फेकू नका. सर्व्हिस सेंटर नागपूर-अमरावतीलाच, रिसीव्हर आठ-नऊ किलोचा आणि ट्रान्सफॉर्मरमुळे एका बाजूला जड असतो. नेताना झोपवून नका नेऊ, जड बाजू सीटच्या पाठीला टेकवा, आणि सोबत माइक, रिमोट आणि खरेदीचं बिल घ्या. वॉरंटी आहे म्हटलं की बिल आधी मागतात.