मस्कारपोने: चीज झकास, झाकणाचा पत्ता नाही

तिरामिसूला, म्हणजे कॉफीत भिजवलेली बिस्किटं आणि मस्कारपोने यांच्या थरांच्या इटालियन गोडाला, लसणीच्या चटणीचा वास आला, तेव्हाच ठरवलं की आता हे लिहायचंच. आम्ही मिलानला राहतो. एका सुपरमार्केटच्या स्वतःच्या ब्रँडचं अडीचशे ग्रॅमचं मस्कारपोने, म्हणजे सायीचं मऊ इटालियन चीज, घरात कित्येक महिने येतंय. चवीला नाव ठेवायला जागा नाही. पण डब्यावर नुसता चांदीचा कागद! तो सोलला की खाली काही नाही, प्लास्टिकचं साधं झाकणही नाही. शंभर ग्रॅममागे चाळीसेक ग्रॅम फॅट असलेला पदार्थ, फ्रिजमधला सगळा वास ओढून घेतो. आणि आमच्या फ्रिजमध्ये कापलेला कांदा, चटणी, लोणचं हे कायमचे भाडेकरू.

ग्राहक सेवेला लिहिलं. उत्तर आलं: उघडल्यावर तीन दिवसांत संपवा. झाकणाबद्दल चकार शब्द नाही. दोन माणसांनी तीन दिवसांत पाव किलो मलई खायची?

तीन दिवसांची अट म्हणजे हात झटकणं, असं तेव्हा वाटलं होतं. आता तसं वाटत नाही. मस्कारपोनेत विरजण नसतं, रेनेटही (चीजसाठी दूध गोठवणारं एन्झाइम) नसतं. साय तापवून त्यात सायट्रिक किंवा टार्टारिक आम्ल घालतात, तेही थोडंच, म्हणून तर चव गोडसर राहते. पण टिकण्यासाठी लागणारा आंबटपणा त्यात नाही, सगळा भार थंडाव्यावर. 1996 मध्ये दक्षिण इटलीत मस्कारपोनेतूनच बोट्युलिझम (जिवाणूच्या विषाने होणारी जीवघेणी अन्नविषबाधा) होऊन माणसं आजारी पडली, एक जण दगावला. तेव्हा तीन दिवस कबूल. झाकण मात्र द्याच.

त्या रागात घरी करून पाहिलं आणि आता बहुतेक वेळा घरचंच असतं. आमच्या लोम्बार्दी प्रांतात, लोदी शहराच्या बाजूला, मस्कारपोने ही जुनीच गोष्ट आहे. 35 टक्के फॅटची ताजी साय अर्धा लिटर, मंद आचेवर 85 अंशांपर्यंत. मग एक टेबलस्पून लिंबाचा रस, आणि पाचेक मिनिटं त्याच तापमानाला ढवळत राहायचं. दूध फाटल्यासारखं काही दिसत नाही, घाबरू नका. चमच्याच्या पाठीवर जाडसर थर धरला की झालं. निवल्यावर चक्क्याच्या फडक्यात घालून चाळणीवर, रात्रभर, फ्रिजमध्येच. सकाळी सुरीने कापावं इतकं घट्ट. स्वयंपाकासाठीची छोट्या खोक्यातली साय आणू नका, तिच्यात फॅट कमी आणि घट्ट करणारे पदार्थ आधीच घातलेले असतात. पैसेही फुकट, गॅसही.

खर्च? ताज्या सायीचा अर्धा लिटर घेतला तर विकतच्यापेक्षा थोडं स्वस्त पडतं, फार नाही. पण मिळतं जास्त, आणि ते माझ्या घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत राहतं.

तिरामिसूसाठी फेटताना मशीन लवकर थांबवा, जास्त फेटलं की रवाळ होऊन लोण्याकडे झुकतं. गोर्गोन्झोला या निळ्या बुरशीच्या चीजबरोबर थर लावलेलं इथे तयार मिळतं, ते पावावर अप्रतिम. माझ्याकडे सगळ्यात जास्त खपतं पालक पनीरमध्ये: आच बंद करून दोन चमचे घातलं की फुटत नाही. फडक्याखाली साठलेलं थोडं पाणी कणकेत जातं.

चवीला पाच तारे, डब्याला एक.