दीडशे नंबरचे बेल्ट, ऐंशीचे ओरखडे

माझं फर्निचरचं छोटं वर्कशॉप आहे. मी आणि आमचे मिस्त्री, त्यांना मी मामा म्हणतो, असे दोघंच काम करतो. गेल्या वर्षी एका काकांनी त्यांच्या पाडलेल्या वाड्याच्या तुळया आणून टाकल्या. जुनं सागवान, पैसे मोजूनही आता सहज मिळत नाही असं. त्याचं सहा बाय तीनचं जेवणाचं टेबल करायचं होतं.

घासायचं काम आम्ही बेल्ट सँडरवर, म्हणजे सँडपेपरचा पट्टा फिरवणाऱ्या मशीनवर करतो, १०० बाय ६१० मिलिमीटरचा बेल्ट. नंबर जितका मोठा तितका दाणा बारीक. आधी ६०, मग १००, मग १५० आणि शेवटी हाताने १८० आणि २२० चा पेपर. १५० चे बेल्ट संपले होते. नेहमीच्या दुकानात माल नव्हता, म्हणून दुसऱ्या एका दुकानातून वीस नग घेतले. सुटे होते. ‘कंपनीचाच माल आहे दादा, फक्त डबा नाही,’ असं तो म्हणाला. एका बेल्टमागे तीस रुपये कमी लागले. बिल मागितलं नाही. त्याने चिठ्ठीवर ‘बेल्ट २० नग’ एवढंच लिहून दिलं.

घासून झाल्यावर फळी हाताला छान गुळगुळीत लागत होती. मामांनी स्टेनचा, म्हणजे लाकडात मुरणाऱ्या रंगाचा, पहिला हात फिरवला आणि माझ्या पोटात गोळा आला. पूर्ण लांबीभर काळ्या रेषा उमटल्या होत्या. खोल ओरखडा लाकडापेक्षा जास्त स्टेन पितो, म्हणून तो स्टेन लागल्यावरच दिसतो. वरून १८० चा पेपर मारला होता, पण त्याने ओरखड्यांच्या फक्त कडा बसल्या, तळ तसाच राहिला. मामा म्हणाले, ‘हा दीडशे नाही. मी तीस वर्षं घासतोय.’

दुकानदाराकडे गेलो तर त्याचं उत्तर तयार होतं. ‘तुमचे जुने बेल्ट युरोपियन नंबरचे, हे अमेरिकन नंबरचे. दोघांचे दीडशे वेगळे. माल बरोबर आहे.’ मला पटलं. दोन पद्धती आहेत हे मी ऐकून होतो आणि तो इतक्या ठामपणे बोलला की मी मान खाली घालून परत आलो. याचा मला आजही राग आहे, कारण त्याने खरी माहितीच खोटं लपवायला वापरली.

दोन पद्धती खरंच आहेत. नंबराआधी ‘पी’ असेल तर ती युरोपातल्या उत्पादकांच्या संघटनेची, फेपाची, प्रतवारी. नुसता नंबर हा बहुधा अमेरिकन पद्धतीचा. (ग्राइंडिंग व्हीलला ‘एफ’ लागतो, ती आणखी वेगळी मोजणी.) पी १२ ते पी २२० पर्यंतचा दाणा चाळणीने वेगळा करतात, त्यापुढचा बारीक दाणा द्रवात किती वेगाने खाली बसतो त्यावरून. आता आकडे बघा. पी १५० चा दाणा सरासरी १०० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि अमेरिकन १५० चा साधारण ९२. म्हणजे त्याचा माल खरंच अमेरिकन असता तर माझी फळी उलट किंचित जास्त गुळगुळीत झाली असती! जाड नंबरांत दोन्ही पद्धती जवळजवळ चालतात. खरी फारकत बारीक नंबरांत होते: पी ४०० चा दाणा ३५ मायक्रॉनचा, अमेरिकन ४०० चा सुमारे २३. पॉलिशच्या पेपरला ‘पी’ आहे की नाही हे बघावंच लागतं, पण दीडशेच्या बेल्टला ही सबब लागूच पडत नाही.

मग मी उरलेले बेल्ट उलटे करून एकेक उजेडात धरले. खऱ्या बेल्टच्या पाठीवर कंपनीचं नाव, प्रत आणि फिरण्याचा बाण लांबीभर पुन्हा पुन्हा छापलेला असतो. इथे छपाई घासून काढलेली, आणि एका जागी ‘१५०’ चा शिक्का. एका बेल्टवर जोडापाशी जुनी छपाई पुसायची राहिली होती. तिथे ‘पी ८०’ वाचता येत होतं. पी ८० चा दाणा साधारण २०१ मायक्रॉन, म्हणजे दुप्पट. मामांचा हात बरोबर होता.

तो बेल्ट घेऊन परत गेलो. दुकानदाराने चिठ्ठी हातात घेतली आणि विचारलं, यात नंबर कुठे लिहिलाय? बोलायला काही उरलंच नाही.

टेबल पुन्हा १०० पासून घासलं. जवळजवळ अर्धं सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) लाकूड गेलं, शंभर वर्षांच्या तुळईचं. काकांना मी सगळं खरं सांगितलं. ते रागावले नाहीत, पण फळीवरून हात फिरवत बराच वेळ गप्प बसले.

आता नवीन माल आला की मामा सागवानाच्या एका तुकड्यावर मधोमध रेघ मारतात. एका बाजूला खात्रीचा जुना बेल्ट, दुसऱ्या बाजूला नवा, दोन्हीकडे सारखाच वेळ. मग स्टेनचं फडकं फिरवायचं आणि तुकडा खिडकीशी तिरका धरायचा. पाच मिनिटं लागतात. दाणा बघायला घड्याळजीचं दहापट भिंगही घेतलंय. सुटा बेल्ट आम्ही घेत नाही. बिलावर आकाराबरोबर ‘पी १५०’ असं अक्षरासकट लिहून घेतो, आणि दुकानदार लिहायला कुरकुरला तर माल तिथेच ठेवून येतो.